मुंबई बेटे : आरमारी संघर्ष व सागरी विस्तार

मुंबई शहर ज्या सात बेटांवर वसले, त्यांचा इतिहास प्रामुख्याने त्यांच्या सभोवतीच्या पाण्यावर सत्ता कोणाची, ह्या प्रश्नाचा इतिहास आहे. बेटावरील अंमल आणि बेटाभोवतीच्या समुद्रावरील अंमल ह्या दोन भिन्न गोष्टी असून पहिला दुसऱ्यावाचून टिकत नाही, हे येथे वारंवार प्रत्ययास आले. ह्या दृष्टीने माझगाव, रे रोड व शिवडी ह्या भागांच्या पूर्वेकडील बंदराभिमुख किनारा विशेष महत्त्वाचा ठरतो. आज गोदामे, लाकडाच्या वखारी आणि जहाजे मोडण्याचे धक्के यांनी व्यापलेल्या ह्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात सिद्दी, इंग्रज व मराठे ह्या तीन सत्तांच्या हितसंबंधांची गाठ पडली. तेथील अनुभवातून जे आरमारी धोरण घडले, त्याच्या बळावर पुढे मुंबई हे पर्शियन आखात, तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेपर्यंतच्या ब्रिटिश विस्ताराचे ठाणे बनले.

भौगोलिक पार्श्वभूमी : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ व माहीम ही मूळची सात बेटे होत. शिवडीचा समावेश परळ बेटात होई. बेटांची पश्चिम बाजू खडकाळ असून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या माऱ्यात सापडते. याउलट पूर्वेकडे बेटे व मुख्य भूमी यांच्या दरम्यान विस्तीर्ण व सुरक्षित बंदर असून त्यात घारापुरीसारखी लहान बेटे आहेत. माझगाव ते शिवडी हा किनारा चिखलाचा व उथळ होता. भरतीच्या वेळी गलबते आत आणून ओहोटीला ती चिखलावर टेकू देणे, तळ खरवडणे, फटी बुजविणे व तेल-डांबर लावणे ही कामे येथे सुलभतेने होत. जून ते सप्टेंबर ह्या काळात कोकणपट्टीवर शिडाची जहाजे हाकारणे धोक्याचे असल्याने अशा जागेस लष्करी मोल होते. दुसरी बाब अशी, की बेटांवर पिकणारे धान्य तेथील वस्तीस पुरेसे नव्हते. धान्य, सरपण व इमारती लाकूड हे साष्टी, पेण, पनवेल व कल्याण येथून पाण्यावाटे येई. म्हणजे जे बंदर बेटांस आश्रय व अन्न देई, तेच शत्रूच्या हाती गेल्यास बेटांची कोंडी करी.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : ह्या प्रदेशातील आरमारी युद्धाचा जुना उल्लेख दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात (६३४) आढळतो. चालुक्यांच्या शेकडो नौकांनी पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गौरविलेल्या पुरी नगरीस वेढा घातला, असे त्यात म्हटले आहे. ही पुरी कोकणच्या मौर्यांची राजधानी होती. काही विद्वान ती घारापुरी मानतात, तर काही जंजिऱ्याजवळील राजपुरी मानतात. तेराव्या शतकात उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात युद्ध झाले. त्यात सोमेश्वर समुद्रात नाश पावला, असे हेमाद्रीच्या वर्णनावरून दिसते. साष्टी बेटावर बोरिवलीजवळील एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांनी चालविलेल्या नौकांच्या रांगा, नौकांतून लढणारे धनुर्धारी व समुद्रात पडणारे योद्धे कोरलेले आहेत. हे शिल्पपट बहुधा ह्याच युद्धाचे स्मारक असावेत. भारतीय शिल्पांत समुद्रयुद्धाची अशी तपशीलवार चित्रणे विरळाच आढळतात.

सु. १४३० मध्ये बहमनी सेनापती मलिक-उत्‌-तुज्जार याने माहीम व साष्टी घेतली. परंतु गुजरातचा सुलतान पहिला अहमदशाह याने जमिनीवरील फौजेबरोबर आरमार पाठवून ती परत मिळविली. भूसेनेने घेतलेली बेटे आरमाराने परत जिंकावी, हा क्रम पुढील इतिहासाचे पूर्वचिन्हच होता.

पोर्तुगीज अंमल : पोर्तुगीजांनी जानेवारी १५०९ मध्ये माहीमजवळ गुजरातचे एक जहाज पकडले. त्यानंतर मोगल बादशाह हुमायून याच्या दडपणाखाली असलेल्या गुजरातच्या बहादुरशाहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या आधिपत्याखालील मुंबईची बेटे पोर्तुगीजांस दिली. पोर्तुगीज सत्तेचा पाया भूमीपेक्षा जलमार्गांवर होता. त्यांचा परवाना (कार्ताझ) न घेता फिरणारे जहाज ते जप्त करीत. मुंबई बेटांकडे मात्र त्यांनी प्रामुख्याने उत्पन्नाची जागा म्हणूनच पाहिले. १५७२ मध्ये माझगाव एका पोर्तुगीज घराण्यास वंशपरंपरेने देण्यात आले. बंदोबस्ताच्या ह्या उणिवेमुळे ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज व डच यांच्या संयुक्त ताफ्याने मुंबईत उतरून तेथील मुख्य वाडा व वस्ती जाळली, तरी त्यांना परिणामकारक प्रतिकार झाला नाही.

इंग्रज अंमलाची सुरुवात : २३ जून १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगालने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिली. प्रत्यक्ष ताबा हंफ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये घेतला. १६६८ मध्ये राजाने वार्षिक दहा पौंड खंडाने ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीस दिली. गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर (कार. १६६९–७७) याने तटबंदी, न्यायव्यवस्था व नागरी पलटण यांची उभारणी केली. फेब्रुवारी १६७३ मध्ये रायक्लोफ व्हान खुन्स याच्या नेतृत्वाखाली डच आरमार मुंबईसमोर आले. परंतु बंदोबस्त पाहून ते हल्ला न करता परतले. तथापि हा बंदोबस्त मुख्यत्वे मुंबईच्या कोटापुरता होता. माझगाव व शिवडीकडील किनारा जवळजवळ उघडाच राहिला. सु. १६८० मध्ये ह्या दोन्ही ठिकाणी लहान किल्ले बांधण्यात आले. पण त्यांवरील शिबंदी अपुरी होती.

सिद्दी, मराठे व माझगाव : छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर आरमार उभारण्यास प्रारंभ केला. जंजिऱ्याचे सिद्दी हे कोकण किनाऱ्यावरील त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. १६७० च्या सुमारास सिद्दींनी मोगल बादशाह औरंगजेब याची सेवा पत्करली आणि त्यांचे आरमार मोगलांचे पश्चिम किनाऱ्यावरील आरमार बनले. पावसाळ्यात ह्या आरमारास आसरा हवा असे आणि त्यासाठी माझगावचा किनारा सोयीचा होता. इंग्रजांपुढे त्यामुळे दुहेरी पेच निर्माण झाला. सिद्दीस नकार द्यावा, तर मोगल अंमलाखालील सुरतेची वखार संकटात येणार. परवानगी द्यावी, तर ज्यांच्या मुलखातून मुंबईस धान्य व सरपण येई, त्या शिवाजी महाराजांचा रोष ओढवणार. मुंबई बंदरातून निघून सिद्दीचे लोक पेण-नागोठणे भागात जाळपोळ करीत आणि लूट घेऊन परत बंदरात येत. १६७४ मध्ये सिद्दीच्या माणसांनी शीव येथे उतरून गरीब रहिवाशांस घरांबाहेर काढले. त्यांना हुसकावल्यानंतर एका वेळी तीनशेहून अधिक लोकांनी किनाऱ्यावर उतरू नये व तलवारीखेरीज शस्त्र बाळगू नये, असा करार करावा लागला. ज्या सत्तेला आपल्याच बेटावर परकीय सैनिकांची संख्या करार करून ठरवावी लागते, तिचे आरमारी बळ किती तोकडे होते, हे यावरून स्पष्ट होते.

ह्या कोंडीवर शिवाजी महाराजांनी योजलेला उपाय म्हणजे खांदेरीची तटबंदी होय. मुंबईच्या दक्षिणेस थळच्या समोर असलेल्या ह्या निर्जन बेटावरून मुंबई बंदराच्या मुखावर नजर ठेवता येई. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी याच्या हाताखाली मराठ्यांनी तेथे बांधकाम सुरू केले. ते थांबविण्यासाठी आलेल्या इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली सु. ५०–६० मराठी गलबतांनी कॅप्टन मिंचिन व कीग्विन यांच्या आठ जहाजांच्या ताफ्यावर अकस्मात चाल केली. इंग्रजांची डव्ह नावाची गुराब मराठ्यांनी पकडली. रिव्हेंज ह्या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे मात्र मराठी गलबतांस नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. इंग्रज जहाजे मोठी, खोल बुडणारी व वाऱ्यावर अवलंबून. मराठी गलबते लहान, उथळ पाण्यात वल्ह्यांवर चालणारी. म्हणून खुल्या समुद्रातील चकमक जिंकूनही रात्रीच्या अंधारात खांदेरीस होणारा रसदपुरवठा इंग्रजांस तोडता आला नाही. १६८० च्या आरंभी त्यांनी वेढा उठविला व मराठ्यांशी तह केला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावून तेथे तोफा चढविल्या आणि ही दोन बेटे दीर्घकाळ परस्परांशी लढत राहिली.

मुंबईचा वेढा (१६८९–९०) : माझगाव-शिवडी किनाऱ्याच्या उघडेपणाची खरी किंमत दहा वर्षांनी चुकवावी लागली. लंडनमधील सर जोसाया चाइल्ड व हिंदुस्थानातील कंपनीचा प्रमुख सर जॉन चाइल्ड यांनी मोगल सत्तेशी युद्ध ओढवून घेतले. मोगल प्रजेची जहाजे पकडण्यात आली आणि त्यांत सिद्दीकडे जाणारी धान्याची जहाजेही होती. त्यावर १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान रात्रीच्या वेळी शिवडीस उतरला. मुंबईतच व्यापार करणारा अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात सिद्दीचे सैन्य वीस हजार होते असे म्हटले आहे. ही संख्या अतिशयोक्त असण्याचा संभव आहे. माझगावच्या किल्ल्यातील शिबंदी तोफा, हत्यारे व पैशांच्या पेट्या मागे टाकून पळाली. सिद्दीने तेथे निशाण चढविले, माहीमही घेतले आणि डोंगरीच्या टेकडीवरून कोटावर तोफा डागल्या. इंग्रजांकडे केवळ मुंबईचा कोट व त्यालगतचा भाग उरला.

वर्षभर चाललेल्या ह्या वेढ्याचा शेवट रणांगणावर झाला नाही. कंपनीने औरंगजेबाकडे वकील पाठवून क्षमायाचना केली. फेब्रुवारी १६९० मध्ये बादशाहाने दीड लाख रुपये दंड, लुटलेल्या मालाची भरपाई व जॉन चाइल्डची हकालपट्टी ह्या अटींवर फर्मान दिले. चाइल्ड त्याच सुमारास मुंबईत मरण पावला. जून १६९० मध्ये सिद्दीने बेट सोडले आणि जाताना माझगावचा किल्ला जाळून उद्ध्वस्त केला. पाठोपाठ आलेल्या साथीत उरलेल्या वस्तीपैकी बरीच मृत्युमुखी पडली. ह्या दुर्बळ अवस्थेत सिद्दींनी पुन्हा स्वारी केली असता रुस्तुम दोराब ह्या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज जमवून त्यांना हुसकावले, असे पारशी परंपरा सांगते. त्याच्या घराण्यास पुढे पाटील ही उपाधी मिळाली. युद्धाचा निर्णय लंडन व सुरत येथे झाला. त्याची झळ मात्र माझगाव-परळच्या कोळी, कुणबी, भंडारी व आगरी लोकांस लागली. त्यांची भातशेती, होड्या व घरे हीच युद्धभूमी होती. कागदपत्रांत दंडाची रक्कम नमूद आहे. ह्या लोकांच्या हानीचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आंग्रे व इंग्रज : अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी आरमाराचा सरखेल कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) हा कोकण किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ आरमारी सेनानी होता. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग ही त्याची प्रमुख ठाणी होत. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. पोर्तुगीजांनी दोन शतके हाच हक्क बजावला होता. पण तो एका मराठी सरदाराने सांगताच युरोपीय कागदपत्रांत त्यास चाचेगिरी हे नाव मिळाले. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने शहरास तट बांधून लढाऊ जहाजे वाढविली. परंतु विजयदुर्गावरील (१७१७) व खांदेरीवरील (१७१८) इंग्रजांचे हल्ले आणि कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीज संयुक्त मोहीम (१७२१) ही सर्व अयशस्वी झाली.

चिमाजी आप्पा याने १७३७–३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई जिंकल्यावर माहीमची खाडी ही मराठे व इंग्रज यांच्यातील सीमा झाली. घाबरलेल्या मुंबईकर व्यापाऱ्यांनी तटाभोवती खंदक खणण्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी दिली. मात्र मराठी सत्तेने हे यश आरमारी बळात रूपांतरित केले नाही. आंग्र्यांच्या भाऊबंदकीने त्यांचे आरमार दुभंगले. तुळाजी आंग्रे याचा बंदोबस्त करण्यासाठी पेशवा बाळाजी बाजीराव याने इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजीचे आरमार तेथेच जळाले. किनाऱ्यावर इंग्रजांस शह देऊ शकणारे मराठ्यांचे सर्वांत समर्थ आरमार अशा रीतीने पेशव्याच्याच संमतीने नष्ट झाले. त्यानंतर अठरा वर्षांनी, डिसेंबर १७७४ मध्ये, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली. सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी, घारापुरी व करंजा ही बेटे त्यांच्याकडेच राहिली. मुंबईच्या अन्नपुरवठ्याच्या मार्गावर इंग्रजांची पकड त्यामुळे अधिक घट्ट झाली.

जहाजबांधणी व सागरी विस्तार : ह्या सुरक्षिततेस बळकटी दिली ती जहाजबांधणीने. १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया ह्या पारशी कारागिराने मुंबईत येऊन गोदीचे काम हाती घेतले. १७५० मध्ये कोरड्या गोदीचे बांधकाम सुरू झाले. माझगाव येथे १७७४ मध्ये एक लहान गोदी बांधण्यात आली. मलबारी सागवानाची जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा अधिक टिकत. वाडिया घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी बांधलेल्या जहाजांत मिंडेन (१८१०), कॉर्नवॉलिस (१८१३) व ट्रिंकोमाली (१८१७) ही प्रसिद्ध आहेत. पहिल्या अफूच्या युद्धानंतरचा नानकिंगचा तह (१८४२) मुंबईत बांधलेल्या कॉर्नवॉलिसवरच झाला. ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

मुंबईच्या रक्षणासाठी निर्माण झालेले बाँबे मरीन हे दल एकोणिसाव्या शतकात आक्रमणाचे साधन बनले. १८०९ व १८१९ मध्ये मुंबईहून गेलेल्या मोहिमांनी पर्शियन आखातातील रास-अल-खैमा उद्ध्वस्त केले आणि १८२० च्या तहाने आखातावर ब्रिटिश वर्चस्व प्रस्थापित झाले. तेथेही स्थानिक सत्तांस चाचे ठरविण्यात आले, ही बाब आंग्र्यांच्या संदर्भात लक्षणीय आहे. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईच्या मोहिमेने एडन घेतले. ते १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या प्रशासनाखाली होते. १८५६ मध्ये इराणच्या बुशहरवर व १८६८ मध्ये ॲबिसिनियावर गेलेल्या फौजांचे मुख्य प्रस्थानस्थान मुंबईच होते. ह्या जहाजांवरील खलाशांत कोकणातील रत्नागिरी व कुलाबा भागांतील लोक मोठ्या संख्येने असत. ज्यांच्या पूर्वजांनी आंग्र्यांची गलबते चालविली, त्यांचे वंशज ब्रिटिश विस्ताराची जहाजे चालवू लागले. १८३० मध्ये ह्या दलास इंडियन नेव्ही असे नाव मिळाले व १८६३ मध्ये ते विसर्जित झाले.

पूर्व किनाऱ्याचे रूपांतर : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बांध व भराव घालून सात बेटे जोडली गेली. पोर्ट ट्रस्टची स्थापना (१८७३) झाल्यावर प्रिन्सेस (१८८०) व व्हिक्टोरिया (१८८८) ह्या गोद्या बांधल्या गेल्या. १९०८–१२ मध्ये माझगाव-शिवडी भराव योजनेने ५८३ एकर जमीन निर्माण केली. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे (कार. १८८५–९०) याच्या नावाच्या रस्त्यावरून रे रोड स्थानकाचे नाव पडले. तेथून कुर्ल्यापर्यंतचा लोहमार्ग १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाला. सिद्दीची गलबते जेथे चिखलात टेकत, तो किनारा अशा रीतीने पाण्यापासून दूर गेला. माझगावच्या नष्ट झालेल्या किल्ल्याची टेकडी आज भंडारवाडा येथील जलाशय व उद्यान म्हणून ओळखली जाते, तर शिवडीचा किल्ला अद्याप उभा आहे.

युद्धाशी असलेला ह्या किनाऱ्याचा संबंध मात्र तुटला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन ह्या जहाजावरील सु. १,४०० टन स्फोटकांचा स्फोट होऊन शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. माझगाव गोदी १९६० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली. तेथे बांधलेली निलगिरी ही युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. रे रोडच्या पूर्वेस दारूखाना ह्या भागात जुनी जहाजे मोडली जातात. दारूगोळ्याशी असलेला जागेचा जुना संबंध ह्या नावात टिकून आहे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली विक्रांत ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये येथेच मोडण्यात आली.

मूल्यमापन : मुंबई बेटांच्या आरमारी इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की बेटाचे रक्षण तटबंदीने नव्हे, तर त्याच्या पाणवाटांवरील ताब्याने होते. १६८९ मध्ये कोट शाबूत असूनही बेट गेले होते. दुसरा असा, की शिवाजी महाराज व कान्होजी आंग्रे यांनी हे तत्त्व इंग्रजांआधी ओळखले होते. परंतु ते उत्तरकालीन मराठी राज्यकर्त्यांच्या धोरणात टिकले नाही, तर इंग्रजांनी पराभवातून शिकून त्यास कायम स्वरूप दिले. तिसरा असा, की संरक्षणासाठी उभारलेले आरमार समर्थ होताच परमुलखावर चालून जाते आणि ज्या कृतीस प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत चाचेगिरी म्हटले, तीच स्वतःच्या बाबतीत सागरी हक्क ठरते. ह्या प्रक्रियेचा आरंभ माझगाव-शिवडीच्या चिखलाच्या किनाऱ्यावर झाला. म्हणूनच रे रोडच्या परिसराचा इतिहास हा केवळ एका शहरभागाचा स्थानिक इतिहास न राहता पश्चिम हिंदी महासागराच्या इतिहासाचा भाग ठरतो.